कुलपावरची पाटी

४ जून

धाकट्या,

माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. फोनवर तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देतोस. कागद तसा ठेवता येत नाही, फाडावा लागतो, आणि फाडण्याआधी माणूस दोन ओळी वाचतोच. बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस, त्यावरून मी जे बोलले ते परत घ्यायला हे पत्र नाही. तेवढं आधीच सांगून टाकते.

तुझ्या खालच्या दोन खोल्यांची किल्ली माझ्याकडे आहे. बाबांनी वरचा मजला माझ्या नावावर केला आणि खालचा तुझ्या, तेव्हापासून खाली कुलूप आहे. अधूनमधून मी खिडक्या उघडते, तुझ्या शाळेतल्या ढाली पुसते आणि पुन्हा लावून घेते. त्या खोल्या दोन माणसांना राहायला द्यायच्या आहेत. तुझी परवानगी हवी.

आपल्या गल्लीने निर्वासित घेतले आहेत. 'घेतले' हा शब्द माझा नाही, अध्यक्षांचा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हे गृहस्थ गल्लीचे अध्यक्ष आहेत आणि मरेपर्यंत राहतील अशी चिन्हं आहेत. सभेत उभे राहून म्हणाले, "आपल्या गल्लीनंसुद्धा एक कुटुंब घ्यायचं." पाण्याची टाकी घ्यायची असते तसा सूर. टाळ्यांचा कडकडाट झाला. विरोध कुणाचाच नव्हता. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

बाप आणि मुलगी आहेत. लढाईत त्यांची अख्खी वस्ती जळाली, तेव्हा दोन पिशव्या आणि एक किटली घेऊन निघाले, ते कुठून कुठून फिरत इथे पोचले. मुलगी चाळिशीची आहे, तिकडे शहराची बस चालवायची. तिचं नाव आपल्या लोकांच्या जिभेवर बसत नाही, म्हणून सगळे तिला बसवाली म्हणतात आणि तीही ओ देते. म्हाताऱ्याला सगळे आजोबा म्हणतात.

आता गंमत ऐक. ते प्रत्येकाला आपल्याच घरी हवे होते. मुख्याध्यापिका बाई आणि अध्यक्ष यांची त्यावरून चांगलीच जुंपली. (बाई त्याच, तुला वर्गाबाहेर उभं करायच्या त्या.) शेवटी पाळी लावायचं ठरलं. एकेका घरी एक आठवडा. रविवारी सकाळी पिशव्या उचलायच्या आणि पुढच्या घरी जायचं. बाई म्हणाल्या, "म्हणजे कुणावर अन्याय नको." कुणावर म्हणजे आपल्यावर, हे लक्षात आलं ना? आठवडाभर पुण्य मिळण्यापासून कुणी वंचित राहू नये.

स्वागत समितीने पाट्या रंगवून घेतल्या. प्रत्येक फाटकावर एक. निळ्या रंगात, 'हे घर तुमचंच आहे'. एक तुझ्या दारालाही लावून गेले, नेमकी कुलपाच्या वर. मी म्हटलं, अहो, इथे कुणी राहत नाही. चिटणीस म्हणाला, "असू दे हो, रांग तुटायला नको."

आजोबांच्या तोंडात एकही दात नाही. घर सोडताना कवळी ग्लासातच राहिली. दातांच्या डॉक्टरांनी साचा घेऊन माझ्याकडे पाठवला आहे आणि मी करून देते आहे. गल्लीला हे कळलं तशी परवा अध्यक्षांची स्वारी माझ्या कवळ्यांच्या कारखान्यात आली. हातात रुमालाची पुरचुंडी. उघडली तर आत कवळी. म्हणाले, "आईची आहे. ती गेल्यापासून कपाटात पडून होती. स्वच्छ धुतली आहे. थोडी घासून बसव त्यांना, वाया कशाला घालवायची?"

मीच केली होती ती. त्यांच्या आईच्या वाकड्या जबड्याला बसावी म्हणून मागची दाढ मुद्दाम तिरकी बसवलेली, ती मला लगेच ओळखू आली. लोकांच्या थुंकीने भरलेले साचे धुण्यात माझा जन्म गेला, मला कधी किळस आली नाही. ती पुरचुंडी मात्र मी चिमट्याने उचलून फळीवर ठेवली. वर ते म्हणतात कसे, "त्या लोकांना काय, सवय असते अशी."

असो. या दोघांना एक जागा हवी. एकच, जिथून रविवारी उठवणार नाहीत. वर माझ्याकडे जागा नाही, तुला माहीतच आहे. पुढच्या खोलीत कारखाना, प्लास्टरची धूळ, त्या रसायनाचा वास. मागच्या खोलीचं तर बोलायलाच नको. म्हणून तुला विचारते आहे.

ताई


२७ जून

धाकट्या,

तुझं उत्तर आलं नाही. पण तुझी सही आली.

बाईंनी सभेत मोबाइल उंच धरून वाचून दाखवलं. गल्लीने पाठिंब्याचं निवेदन काढलं आहे, त्यावर जगभरातून सह्या येत आहेत. आणि बघते तर काय, तुझं नाव! खाली चार शब्दही लिहिलेस. "मीही एकेकाळी परका होतो. दारं उघडा." बाईंचा ऊर भरून आला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ, तुझा भाऊ! गल्लीची नाळ तोडली नाही त्यानं." सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मी काय करणार? हसले. पर्समध्ये तुझ्या दाराची किल्ली होती.

दारं उघडा म्हणे. कुणाची रे?

पाळी जोरात सुरू आहे. दर रविवारी तीच मिरवणूक. जुन्या घरच्या फाटकाशी फोटो, नव्या घरच्या फाटकाशी फोटो. त्याच दोन पिशव्या, तीच किटली. पहिल्या रविवारी आजोबांनी पिशवीतले कपडे काढून कपाटात लावले होते. आता काढत नाहीत. जो सदरा घालायचा तेवढाच वरून ओढून घेतात. बसवाली मला म्हणाली, "मी बस चालवत होते. आता मीच बस. रविवारी पुढचा स्टॉप." आणि स्वतःच हसली. हसताना ती तोंडावर हात धरते, मोडका पुढचा दात दिसू नये म्हणून. माझं लक्ष असतंच अशा गोष्टींकडे.

संध्याकाळी यजमान चार लोकांना जेवायला बोलावतात. जेवण आटोपलं की, "हं, आता सांगा तुमची गोष्ट." आजोबा त्यांच्या भाषेत बोलतात, मुलगी आपल्या भाषेत सांगते. रोज तीच आग, तेच पळणं, मागे राहिलेली तीच आई. लोक डोळे पुसतात आणि मग गोड काही आहे का विचारतात. बसवालीला आता कळलं आहे की लोक कुठे रडतात. ती सरळ तिथवर येते आणि थांबते, म्हणजे म्हाताऱ्याला झोपायला मिळतं. एकदा मीही होते त्या बैठकीत. माझ्या शेजारच्या बाईने हळूच विचारलं, "कालच्यापेक्षा आज जरा आटोपतं घेतलं, नाही?"

मुख्याध्यापिका बाईंकडचा आठवडा संपला तेव्हा मी सहज त्यांच्या गच्चीत डोकावले. गाद्या उन्हात टाकलेल्या, उशांच्या खोळी उकळलेल्या, दोन ताटं आणि दोन पेले वेगळे काढून ठेवलेले. मी म्हटलं, "ढेकूण झाले का?" म्हणाल्या, "नाही गं, तसं काही नाही. तसंच आपलं." आणि फाटकावर पाटी डोलत होती.

आजोबांच्या मापाचे दात मी मेणावर लावून बघितले. छान बसले. दोन आठवड्यांनी पक्के करून घातले तर सैल! माणूस इतका वाळला आहे की हिरड्याही राहिल्या नाहीत जागेवर. दात नाहीत म्हणून नुसतं सूप आणि पातळ पेज. दर घरची वेळ वेगळी, मीठ वेगळं, आणि परक्या घरात अजून थोडं द्या म्हणायची लाज. मी सगळं पुन्हा करायला घेतलं आहे. पण हा माणूस एका जागी बसून नीट जेवल्याशिवाय त्याला कुठलीच कवळी बसायची नाही.

उत्तर दे. सही नको, उत्तर दे.

ताई


१९ जुलै

धाकट्या,

पोचलं एकदाचं तुझं पत्र. किती गोड लिहितोस रे! "ताई, तुझ्या भावना माझ्यापर्यंत पोचल्या." भावना नव्हत्या त्या, किल्लीचा प्रश्न होता. पुढे लिहितोस, "पण बाहेरचं माणूस एकदा आत आलं की निघत नाही, आणि मी इतका लांब. त्या खोल्यांत आपल्या माणसाशिवाय कुणी राहायचं नाही, एवढी एकच अट माझी." आणि शेवटी, "तुमच्या कार्याला माझा पूर्ण पाठिंबा आहेच."

हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि हात धुऊन आले.

तू परदेशी गेलास त्या पहिल्या हिवाळ्यात आईला पत्र लिहिलं होतंस, आठवतं? एका म्हाताऱ्या शिंपिणीने तुला तिची शिवणाची खोली दिली होती. मशीन तिथेच होतं, म्हणून तू कामाला बाहेर पडल्यावर ती आत येऊन शिवायची आणि तू यायच्या आत सगळ्या चिंध्या गोळा करून ठेवायची, तुझी झोप मोडू नये म्हणून. आईने ते पत्र येईल-जाईल त्याला वाचून दाखवलं. त्या बाईला तू कुठला 'आपला माणूस' होतास? तिनेही अट घातली असती तर आज तू कुठे असतास, याचा विचार कर. नाहीतर नको करूस, मीटिंग असेल.

आता खरी बातमी. घोडं अडलं आहे, आणि आपल्याच शहाणपणाने अडलं आहे.

निर्वासितांच्या कार्यालयातून अधिकारी बाई आल्या. या दोघांना इथे राहू द्यायचं की नाही, त्याची सुनावणी ऑगस्टच्या अखेरीस आहे. बाई तरुण आहे, चष्मा सारखा नाकावरून घसरतो. तिने विचारलं, "हे राहतात कुठे?" अध्यक्षांनी मोठ्या अभिमानाने फोटोंची चवड पुढे केली. प्रत्येक फाटक, प्रत्येक पाटी. म्हणाले, "सगळीकडेच राहतात. सगळी गल्ली त्यांचीच आहे."

तिने फोटो बघितले आणि परत दिले. म्हणाली, "दर आठवड्याला नवा पत्ता म्हणजे कुठलाच पत्ता नाही. मला एक दार दाखवा. मालकाची संमती, राहायला स्वतंत्र जागा, वर्षभरासाठी. नसेल तर सुनावणीनंतर यांची रवानगी छावणीत होईल."

कुणीतरी विचारलं छावणी कशी असते. ती म्हणाली, पुरुषांची एका बाजूला, बायकांची दुसऱ्या बाजूला, मध्ये कुंपण. आठवड्यातून एकदा भेट.

बसवाली कोपऱ्यात उभी होती. तिला आपली भाषा सगळी येत नाही, पण 'कुंपण' कळलं. तिने वडिलांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावून दिलं, एवढंच.

म्हणजे बघ. रस्त्यावर टाकून दिलं असतं तर कार्यालयाने त्यांना निदान बेघर म्हणून कुठेतरी खोली दिली असती. आम्ही इतकं स्वागत केलं की त्यांना राहायला जागाच उरली नाही. असला मूर्खपणा करायलाही भल्या माणसांची समितीच लागते.

ताई


८ ऑगस्ट

धाकट्या,

काल सभा झाली. सांगायची लाज वाटते, पण तुला नाही सांगायचं तर कुणाला? तू निदान लांब आहेस.

अध्यक्षांनी प्रश्न मांडला. एक घर, एक वर्ष, मालकाची सही. कोण पुढे येतं?

मग एकेकाच्या अडचणी सुरू झाल्या. चिटणीसाच्या मुलाचं लग्न ठरतंय. डॉक्टरांच्या मागच्या खोलीत ओल आहे. (तीच खोली गेल्या महिन्यात विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायची जाहिरात होती.) मुख्याध्यापिका बाईंच्या घरात तीन झोपायच्या खोल्या आणि माणूस एक. त्या म्हणाल्या, "माझी तत्त्वतः काहीच हरकत नाही. पण वर्षभर म्हणजे... ते मग पाहुणे राहत नाहीत ना गं." खरं बोलल्या बिचाऱ्या. एवढा वेळ सभा चालली, तेवढं एकच वाक्य खरं होतं.

कुणीतरी तुझ्या खोल्यांचं नाव काढलं. मी तुझं पत्र दाखवलं. सगळ्यांना केवढं हायसं वाटलं! अध्यक्ष म्हणाले, "तो एवढा लांब, त्याची अडचण आपण समजून घेतली पाहिजे." लगेच सगळ्यांनी तुझी अडचण समजून घेतली. तुझ्या आडून त्यांची स्वतःचीही समजून घेतली गेली.

मग ठराव झाला. 'ही गल्ली या कुटुंबाच्या पाठीशी ठामपणे उभी आहे.' एकमताने मंजूर. ठामपणे हा शब्द बाईंनी मुद्दाम घालायला लावला. बसवाली दाराजवळच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. हात वर झाले तेव्हा तिला वाटलं, आपल्याला घर द्यायला निघालेत एवढे सगळे. तिचा चेहरा उजळला, ती अर्धवट उठलीसुद्धा. तिच्या शेजारी बसलेल्याने तिला समजावून सांगितलं की हे हात कशासाठी आहेत. ती हळूच खाली बसली. धाकट्या, त्या क्षणी मला त्या खोलीतल्या एकूण एक माणसाची शिसारी आली. अर्ध्यांच्या तोंडातले दात मी केलेले, ते सगळे एका वेळी दिसत होते.

आणि ठरावाला माझाही हात वर होता. जागेचा प्रश्न आला तेव्हा मात्र तो पर्सवर होता.

सभेनंतर मी दोघांना वर घेऊन आले, नव्या कवळीचं माप बघायचं म्हणून. आजोबा खुर्चीत बसले. बसवाली हात धुवायला मागे गेली ती लवकर येईना. बघायला गेले तर माझ्या मागच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी. आत पाय टाकला नव्हता. आईचा मोठा पलंग, खिडकी, भिंतीतलं कपाट. कपाट अर्धं रिकामं आहे, तुला लिहिलं नव्हतं मी. खोली चांगली मोठी आहे, तेही लिहिलं नव्हतं. पलीकडे स्वयंपाकघर, आणि बाबा शेवटी ज्या खोलीत होते ती छोटी खोलीही आहेच. तीत मी प्लास्टरच्या गोण्या ठेवते.

ती म्हणाली, "चांगली खोली. दाराला आतून कडी आहे?"

मी म्हटलं, आहे.

"छान," ती म्हणाली. तिने काही मागितलं असतं तर बरं झालं असतं, मला नकार तरी देता आला असता. मी म्हटलं, चल, आजोबांचं माप राहिलंय.

रात्रभर वाटत राहिलं की तोंडात कुणाची तरी जुनी कवळी घातली आहे. तुला गेल्या दोन पत्रांत काय काय बोलले मी. तुझ्या कुलपाच्या आड मीच किती आरामात बसले होते.

पुढचं नंतर लिहीन. तुझ्या परवानगीसाठी नाही.

ताई


२ सप्टेंबर

धाकट्या,

अध्यक्षांकडून तुझा निरोप मिळाला. तू त्यांना फोन केलास म्हणे. मला नाही, त्यांना. "माझ्या खोल्यांचं कुलूप कुणी तोडलं? आत कोण घुसलंय? आठवड्याच्या आत बाहेर काढा, नाहीतर मी पोलिसांत जाईन." त्यांनी मला तो शब्द न् शब्द ऐकवला, चेहरा अगदी दुःखी करून. आतून उकळ्या फुटत होत्या, कारण तुझ्या तोंडून का होईना, त्यांना हवं ते बोललं गेलं.

कुलूप तोडलेलं नाही. किल्लीने उघडलं आहे. आत कोण आहे ते सांगते, पण क्रमाने.

त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेले आणि माझा वरचा मजला लिहून दिला. माझं नाव, माझी मालकी, माझी सही. अधिकारी बाई जागा बघायला आल्या. पलंग बघितला, खिडकी उघडून बघितली, कडी लावून बघितली. मग पुढच्या खोलीत येऊन थबकल्या. "हे काय?" मी म्हटलं, जबडे. त्या म्हणाल्या, "राहत्या जागेत कारखाना चालणार नाही. धूळ, रसायनं. आणि जागा स्वतंत्र हवी, तुम्ही पण इथेच राहणार असाल तर ती स्वतंत्र कशी?" चष्मा वर सरकवत म्हणाल्या, "तुमची दुसरीकडे सोय आहे का?"

मी म्हटलं, आहे.

त्याच आठवड्यात ते दोघं वर राहायला आले आणि महिनाअखेरीस सुनावणी झाली. त्यांना राहू देणार आहेत. निकाल ऐकून बसवाली रडली नाही. मी रडले, तिने मला पाणी आणून दिलं. घरी आल्यावर आजोबांनी आधी पिशवीतले सगळे कपडे काढले, एकेक झटकला, घडी घातली आणि आईच्या कपाटात लावला. मग पिशवी उलटी करून खिडकीतून झाडली. खाली चिटणीस उभा होता, त्याच्या डोक्यावर कचरा पडला. मुद्दाम नाही केलं त्यांनी, मी विचारलं. वाईट वाटलं मला, मुद्दाम केलं नाही याचं.

गल्लीचं म्हणशील तर, ज्या दिवशी वर दिवा लागला त्या दिवसापासून सूर बदलला. आधी सगळ्यांच्या घरी होते तेव्हा सगळ्यांचे होते. आता त्यांचं स्वतःचं दार आहे, ते बंद होतं, आणि तेच लोकांना सहन होईना. "आम्हाला न विचारता?" "कायमचेच राहणार की काय?" "जिन्यात वास येतो." कसला वास, विचारलं तर सांगता येत नाही. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "आम्ही एवढं केलं, आणि आता साधं जेवायलासुद्धा येत नाहीत." जेवायला येत नाहीत म्हणजे गोष्ट सांगायला येत नाहीत. फाटकांवरच्या पाट्या एकेक करून उतरल्या. रंग उडाला म्हणून काढल्या, असं सांगतात. पावसाळ्याआधी तर रंगवल्या होत्या, चांगल्या तेलरंगात.

अध्यक्षांनी तर कहर केला. आईची कवळी परत मागायला आले. "तू वापरली नाहीस ना? मग दे. आठवण आहे ती." मी रुमालासकट हातात ठेवली. आता त्यांनी ती ओठांशी धरून रडावं, मला काही म्हणायचं नाही.

आजोबांची कवळी बसली. तिसऱ्यांदा केली तेव्हा बसली. एका जागी जेवतात, एका वेळेला जेवतात, स्वतःच्या मुलीच्या हातचं. परवा जिन्यातून हाक मारून मला वर बोलावलं आणि माझ्यासमोर सफरचंद चावून खाल्लं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बघत बसले मी.

आता तुझ्या खोल्या. तुझ्या अटीत शब्द होते ते पुन्हा लिहिते, म्हणजे पोलिसांना सांगताना चुकायला नको. 'आपल्या माणसाशिवाय कुणी राहायचं नाही.' त्या दोघांपैकी कुणीही तुझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलेलं नाही. मी बोलावलं होतं चहाला, बसवाली दारातच थांबली. म्हणाली, "भाऊ रागावेल." तू न बघितलेल्या बाईला तुझा राग माहीत आहे.

आत मी राहते. पुढच्या खोलीत माझा कारखाना आहे. तुझ्या ढालींच्या रांगेत आता जबडे आहेत, आणि प्लास्टर सगळीकडे पसरलं आहे, त्याला इलाज नाही. मागच्या खोलीत तुझ्या खाटेवर मी झोपते. खाट मधोमध खचली आहे, पाठ धरते. तुझ्या पेट्या होत्या तिथेच आहेत. दारावरची पाटी मात्र मी काढलेली नाही. गल्लीत आता तेवढी एकच उरली आहे.

अध्यक्षांना मी सांगितलं आहे की आठवडा संपला की या, सामान बाहेर काढायला माणसं घेऊन या. त्यांनी विचारलं, "भावाला काय कळवू?"

म्हणून हे पत्र. मी आपली की बाहेरची, ते तू ठरव, आणि या वेळी सही करून कळव.

ताई
तळमजला, तुझ्या घरातून